मानशीचं वय

खात्यानं फॉर्म दिला होता: वारसास्थळांची नोंद.
वास्तूचे नाव. बांधणीचे वर्ष. सध्याचा मालक.
फेरीबोटीत तो मांडीवर धरून बसलो.
शेजारी दोन स्कूटर, दोर लावलेलं एक वासरू,
आणि पावांची टोपली, जिच्या उबेनं
कागदाची एक कड मऊ पडत गेली.

दिवाडी. मळारचा धक्का.
कपेल नोंदवलं. तळीच्या पायऱ्या नोंदवल्या, बुडालेल्या सोडून.
शिंपल्यांच्या खिडक्यांची तीन घरं:
दोहोंचे मालक लिस्बनला,
तिसऱ्याचे एकोणीस, आपसांत बोलत नसलेले.
चिंचेखाली कोरीव दगड होता,
कुठल्याशा देवळाचा उंबरा असावा.
देव नदी ओलांडून नार्व्याला गेला
तेव्हा उंबऱ्याला कुणी होडीत घेतलं नाही.
आता त्यावर तेरेझिन मासळीची पाटी टेकते;
टेकण्याआधी बोटं दगडाला लावते, मग गळ्यातल्या खुरसाला.
का, विचारलं.
म्हणाली, आई करायची.

रुझार भेटला मानशीवर.
मानस म्हणजे पाण्याला घातलेलं दार.
भरती चढली की आपोआप मिटतं,
ओहोटी लागली की आपोआप उघडतं.
नदी दिवसातून दोनदा येऊन दार ढकलून बघते,
आणि अलीकडे खाजणात
कोरगुट भात खाली मान घालून पिकत राहतं.

"मानशीचं वय किती?"
त्यानं विडी दगडावर विझवली.
"कुठल्या भागाचं?
फळ्या तीन पावसांच्या.
चौकट बापायनं बसवली, मुक्तीच्या आदल्या साली.
दार फिरतं ते दगडातलं भोक
बापायच्या आज्यालाही तयारच मिळालं होतं.
आणि पाणी," तो म्हणाला, "आजचं."
रकान्यात चारच आकडे मावत होते.

शेवटची फेरी चुकली, कारण मी अजून
दाराची रुंदी मोजत होतो.
पुनवेची भरती होती त्या रात्री.
बाराच्या सुमाराला बांधाच्या पोटात
कुणीतरी गुळणा करावा तसा आवाज आला.
"कुर्ली," रुझार म्हणाला.
एका खेकड्यानं एक बीळ पाडलं होतं.
एवढंच. त्यातून मांडवी आत येत होती,
आधी करंगळीएवढी, मग मनगटाएवढी.

त्यानं शिट्टी घातली.
बॅटऱ्या आल्या, माणसं मागून.
फटी गावकर पेंढा घेऊन, लुंगी खोचत.
तेरेझिन, केस सोडलेली, रागावलेली,
तिचा मुलगा, ज्याला सकाळी आखाताचं विमान होतं.
कुणी कुणाला काय करायचं ते सांगितलं नाही.
पेंढा, चिखल, दगड. पेंढा, चिखल, दगड.
मला कुणी बाजूला व्हा म्हणालं नाही, म्हणून
मीही उतरलो, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत,
आणि चिखल थापायला हाताशी काही नव्हतं
म्हणून फॉर्मचं पुठ्ठ्याचं पॅड घेतलं.
बरं थापलं गेलं.
रुझारनं हात फिरवून पाहिलं, काही बोलला नाही,
तेवढ्यावर मी आजवर खूश आहे.

तिनाला पाणी थबकलं.
नदी क्षणभर कुणाचीच नव्हती.
मग दार करकरलं, इंचभर उघडलं,
आणि आत शिरलेलं खारं पाणी
पाहुण्यानं निघावं तसं रेंगाळत निघालं,
एक दोन काळुंद्रं रुझारच्या जाळ्यात ठेवून.
त्यातलं एक मला भाजून दिलं. काटे काढून.

पणजीत साहेबांनी फॉर्म उजेडात धरला.
बांधणीचे वर्ष: कोरं.
मालक: तिथं मी भिऊन काहीच लिहिलं नव्हतं.
अटी पुऱ्या होत नाहीत, ते म्हणाले,
पण वाळलेल्या चिखलावर अंगठा घासत राहिले.
"हा डाग कसला?"
मी म्हटलं, दुरुस्तीचा.
शेवटची. आतापर्यंतची.